कर शून्य, तरी रिटर्न भरायचं?

प्रश्न : साताऱ्याच्या ६७ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला २०२५-२६ मध्ये ४ लाख ८० हजार रुपये पेन्शन आणि मुदत ठेवींवर १ लाख ६० हजार रुपये व्याज मिळालं. बँकेने १६ हजारांचा टीडीएस कापला. बारा लाखांपर्यंत कर नाही, मग ही कपात का आणि रिटर्न भरायचं कशाला?

उत्तर : ज्येष्ठ नागरिकाचं वर्षाचं व्याज एक लाखावर गेलं, की बँक सगळ्या व्याजावर १० टक्के कापते. खातेदाराचा एकूण कर किती, हे ती पाहत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच १५एच फॉर्म दिला असता, तर ही कपात टळली असती.

आता हिशेब. पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न ५ लाख ६५ हजार. नव्या करप्रणालीत पहिले चार लाख करमुक्त. उरलेल्या रकमेवर ५ टक्क्यांनी ८,२५० रुपये कर होतो आणि कलम ८७ए ची सवलत तो पूर्ण पुसून टाकते.

मात्र उत्पन्न चार लाखांच्या वर असल्याने रिटर्न बंधनकारकच, आणि १६ हजारांचा परतावाही त्याशिवाय मिळत नाही. भरण्याआधी टीडीएसचा आकडा २६एएस मध्ये दिसतोय का, ते पाहावं. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणी करायला विसरू नये.