तासावरचं पाळणाघर: शॉप ॲक्टची पावती म्हणजे परवाना नव्हे



"दोन-तीन तासच मुलं सांभाळायची आहेत, त्याला कुठे लायसन्स लागतं?" हा प्रश्न खूप जण विचारतात. क्लासजवळ, मॉलमध्ये, लग्नाच्या हॉलवर तासावरचं पाळणाघर चालू शकतं. मागणी आहेच. पण वेळ कमी म्हणून जबाबदारी कमी, असं अजिबात नाही. उलट रोजच्या पाळणाघरात मूल तुमच्या ओळखीचं झालेलं असतं. इथे रोज नवं मूल आणि नवे पालक.

कागद कोणते?

एका अर्जावर सगळं मिटेल अशी अपेक्षा ठेवू नका. वेगवेगळ्या कायद्यांचे तुकडे आपणच जोडायचे असतात.

१. शॉप ॲक्ट: महाराष्ट्राचा सध्याचा कायदा २०१७ चा आहे. कामगार कमी असतील तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. ही पावती सांगते की तुमची आस्थापना आहे. तुमच्याकडे मूल सुरक्षित आहे, असं ती सांगत नाही.

२. जागा: सोसायटीत असाल तर लेखी ना-हरकत घ्या. भाड्याची जागा असेल तर करारात "पाळणाघरासाठी" असा उल्लेख हवा. आगीच्या बाबतीत महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तुमच्या इमारतीला काय लागू होतं ते अग्निशमन विभागात जाऊन विचारा.

३. खाणं: स्वतः शिजवून देणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी घ्या. डबा घरून येणार असेल तर तसं फॉर्मवर लिहून घ्या.

४. माणसं: सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. पोक्सो नियम, २०२० नुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायची असते. नियमात पाळणाघराचं नाव स्पष्ट आहे. कंत्राटी माणूसही त्यात येतो. म्हणजे ताई, मदतनीस, वॉचमन सगळेच. आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. "आपापसात मिटवू" हा पर्यायच नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. ती सीसीटीव्हीत दिसली. म्हणजे कॅमेरा होता, तरी मारहाण झालीच. कॅमेरा पुरावा देतो, सांभाळतो तो माणूसच.

किती मुलं घ्यायची?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. आपण त्यांचंच माप धरूया: तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस. तीन ते सहा वयाची मुलं असतील तर २० मागे तेवढीच माणसं.

आता हिशेब करू. समजा दोघींचा पगार २८,००० रुपये, भाडं २०,०००, लाइट-पाणी-सफाई ७,०००. महिन्याला झाले ५५,०००. २६ दिवस धरले तर रोजचे साधारण २,११५. तासाला ८० रुपये घेतले तर नुसता खर्च भरून काढायला रोज २७ तास विकले गेले पाहिजेत. म्हणजे ९ मुलं, प्रत्येकी ३ तास. सगळी लहान असतील आणि एकाच वेळी येत असतील तर तुमची मर्यादा १० ची. म्हणजे नफ्याला फारशी जागा उरली नाही!

इथेच मोह होतो: "अजून चार घेऊ, काय होतंय?" नाही. दर वाढवा, मुलं नाही. १०० रुपये दर ठेवला तर २२ तासांत खर्च निघतो. पालकांना दराचं कारण सांगा: "एका ताईकडे दहापेक्षा जास्त मुलं देत नाही." समजूतदार पालक त्याचेच पैसे देतात.

दुसरा मार्ग कंपन्यांचा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ५० चाच आकडा आहे. छोट्या कंपन्यांना जवळचं सामाईक पाळणाघर परवडतं. पण त्यांचा एचआर सगळ्यात आधी तुमची फाइल मागतो.

दारावरचा फॉर्म

पहिल्या भेटीत हे लिहून घ्या: मुलाचं वय, ॲलर्जी, औषधं, डॉक्टरांचा नंबर, दोन आपत्कालीन नंबर. आणि मूल न्यायला कोण येणार, त्याचं नाव व फोटो. "मी मामा आहे" एवढ्यावर मूल द्यायचं नाही. पालकांना फोन, ओळखपत्र, सही, मगच दार उघडायचं. मामा चिडले तर चिडू देत.

आजचा गृहपाठ: वहीचं एक पान घ्या. जागा, माणसं, खाणं, फॉर्म असे चार रकाने आखा. प्रत्येकात तुमच्याकडे आज कोणता कागद आहे ते लिहा. माणसांचा रकाना रिकामा असेल तर बोर्ड रंगवायला देऊ नका. आधी पोलीस पडताळणीचा अर्ज करा.