जॅनेट गथ्री यांचे शिरस्त्राण

शिरस्त्राण म्हटले म्हणजे रणांगणावरील योद्धा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु अमेरिकेतील स्मिथ्सोनियन या विख्यात संस्थेच्या संग्रहात एक निराळेच शिरस्त्राण जतन केलेले आहे. ते मोटारींच्या शर्यतीतील आहे आणि ते धारण करणारी व्यक्ती एक स्त्री होती. तिचे नाव जॅनेट गथ्री.

शर्यतीच्या शिरस्त्राणाची रचना साधी, पण मोठी उपयुक्त असते. बाहेरचे कठीण कवच आघात एका जागी न राहू देता सर्वत्र पसरविते. आतील जाड अस्तर दबते आणि आघाताचा जोर स्वतःवर घेते. त्यामुळे चालकाच्या मस्तकाचे रक्षण होते.

जॅनेट यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेत झाला. वयाच्या सतराव्या वर्षीच त्यांनी विमान चालविण्याचा परवाना मिळविला. पुढे पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या विमानांच्या कारखान्यात अभियंता झाल्या. त्याच काळात त्यांना मोटारींच्या शर्यतींचा छंद लागला. आपल्या गाडीचे इंजिन त्या स्वतः उलगडीत आणि स्वतःच जुळवीत.

इंडियानापोलिसची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तीत ३३ गाड्या सुमारे ८०० किलोमीटर धावतात. पूर्वी तेथे गाड्यांच्या आवारात स्त्रियांना पाऊलही टाकता येत नसे. स्त्रीला एवढे बळ कोठून येणार, असे म्हणणारे पुष्कळ होते. १९७६ साली जॅनेट यांना पात्रता मिळाली नाही. पण त्या खचल्या नाहीत. १९७७ साली ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी चालवून त्यांनी ती मिळविली. या शर्यतीत उतरणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. दुर्दैवाने २७ फेऱ्यांनंतर इंजिन बिघडले आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

पुढच्या वर्षी शर्यतीपूर्वी टेनिस खेळताना त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. ही गोष्ट त्यांनी गुप्त ठेवली. तशा हाताने त्यांनी गाडी हाकली आणि नववा क्रमांक पटकाविला! बळाविषयी शंका घेणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते असणार?

पुढे द्रव्याचे पाठबळ मिळेना, म्हणून त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या. परंतु त्यांनी मोकळी केलेली वाट पुन्हा बंद झाली नाही. त्यांच्यामागून अनेक स्त्रिया त्या मैदानात उतरल्या.

शिरस्त्राण घातले की चालकाचा चेहरा झाकला जातो. तो पुरुष की स्त्री, हे घड्याळाला ठाऊक नसते; ते फेरीचा वेळ तेवढा मोजते. माणसाची पारखही अशीच त्याच्या कामावरून व्हावी, हेच ते शिरस्त्राण आपल्याला सांगते.

स्वाध्याय
१. शिरस्त्राणामुळे मस्तकाचे रक्षण कसे होते?
२. १९७८ सालच्या शर्यतीत जॅनेट यांचे कोणते गुण दिसून आले?
३. ‘घड्याळ फेरीचा वेळ तेवढा मोजते’ या वाक्याचा भावार्थ सांगा.