तळघरातील चित्रगृह आणि कालव्याची पाळी

इंदापूर तालुका अवर्षणप्रवण आहे, वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सबब येथे तळघर खणण्यास कसलीही हरकत नाही, असे जो कोणी आपणांस छातीठोकपणे सांगेल, त्याचे ते विधान तारखेनिशी कागदावर उतरवून खाली त्याची सही घ्यावी आणि मगच त्याला कुदळ मारू द्यावी. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा बराच मोठा हिस्सा मोजून मी हा सल्ला विकत घेतला आहे. इतरांस तो फुकट मिळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

घराखाली चित्रगृह कशासाठी, हे येथे सांगत बसत नाही. जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून ज्यांनी चित्रपट पाहिले आहेत त्यांना ते सांगण्याची गरज नाही. उभी हयात नकाशे काढण्यात गेल्यामुळे या खोलीचा नकाशाही मीच काढला, आणि तो वीस फूट लांब, तेरा फूट रुंद व नऊ फूट उंच असा हेतुपुरस्सर काढला. ठेकेदाराच्या मते सोळा बाय सोळाची चौरस खोली अधिक शोभली असती आणि सळईही कमी लागली असती. तथापि बंदिस्त खोलीत प्रत्येक समोरासमोरच्या भिंतींच्या जोडीमागे एक खर्जाचा स्वर अकारण फुगतो, तो वीस फुटांना सेकंदास अठ्ठावीस कंपनांच्या जवळ, तेरा फुटांना त्रेचाळीसच्या जवळ पडतो, आणि दोन्ही मापे सारखी केली तर दोन्ही फुगवटे एकाच स्वरावर येऊन बसतात, मग सबवूफर कितीही उत्तम आणा, एक स्वर घुमतो आणि बाकीचे हरवतात. मी हे समजावून सांगत असता तो गृहस्थ भ्रमणध्वनीवर वाळूचा भाव विचारत होता. ज्या परिसरात साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून अग्निबाणांच्या मोटारींच्या आवरणांपर्यंतच्या वस्तू बारीक मापाने घडवल्या जातात, त्याच परिसरात घर बांधणारा माणूस वितीने मोजतो, हे मला अद्याप उमगलेले नाही. त्या मुद्द्यावर मात्र मी माघार घेतली नाही.

शेजारच्या उसाला पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचा प्रश्नही मीच काढला होता, आणि तो काम सुरू होण्यापूर्वी काढला होता, याला घरची सारी माणसे साक्षी आहेत. खड्डा मुरमापर्यंत गेला तेव्हा तो कोरडा ठणठणीत होता. पण त्या सुमारास कालवा बंद होता, चारीत पाणी नव्हते, आणि शेजारच्या उसाला कित्येक दिवस पाणी मिळालेले नव्हते. मी म्हणालो, पाणी सुटू द्या, आठवडाभर खड्डा तसाच ठेवू आणि पाहू. त्यावर ठेकेदार मजुरांकडे वळून हसला. "साहेब, दुष्काळी मुलूख ह्यो. हितं प्यायला पाणी न्हाई, तुमच्या तळघरात कुठनं येणार?" बाहेरून जलरोधक थर देण्याचा खर्च त्याने वायफळ ठरवला, "आतनं केमिकल मारतो, धा वर्षं बघायला नको," असे आश्वासन दिले आणि दुसऱ्याच दिवशी तळाचे काँक्रीट ओतून मोकळा झाला.

पावसाळा आला आणि गेला, एक थेंबही आत आला नाही, आणि ही गोष्ट त्याने गावभर दाखल्यासारखी फिरवली. पुढे आभाळ निरभ्र असताना, रब्बीच्या दिवसांत, भिंतीचा खालचा हातभर भाग काळवंडू लागला, गालिच्याखाली पाय ओला लागू लागला, आणि सुकलेल्या जागी लोण्याची पांढरी रेघ उमटली. सबवूफरसाठी मी घरी जोडलेली पेटी एमडीएफची होती; ती पाट्या विकणाऱ्याने ओलाव्याला दाद न देणारी म्हणून दिली होती. तिचे बूड बिस्किटासारखे फुगले. ठेकेदाराला बोलावले तेव्हा त्याने प्रथम वातानुकूलन यंत्राला दोष दिला, मग न्हाणीच्या नळाला, आणि अखेर ओसरीवर उभे राहून, माझ्या पत्नीच्या देखत, "घरची मंडळी अंगण लई धुत्यात" असा निवाडा दिला. त्या वाक्याला मी आजतागायत क्षमा केलेली नाही.

उलगडा केला तो शेजारच्या तात्यांनी, ज्यांनी आयुष्यात कधी सबवूफर पाहिलेला नाही. ते पायऱ्या उतरून खाली आले, भिंतीला हात लावला, बोटाची चव घेतली आणि म्हणाले, "पाळी सुटली का आमच्या हिरीला पाणी चढतंय. तुमचं भुयार काय आभाळात हाय व्हय?" त्या दिवसापासून मी भिंतीवर ओलाव्याच्या कडेला पेन्सिलीची रेघ आणि बाजूला तारीख मांडू लागलो, आणि पाटकऱ्याकडून आवर्तन सुटल्याच्या व बंद झाल्याच्या तारखा उतरवून घेऊ लागलो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर संशयास जागाच उरली नाही: चारीला पाणी आले की मागोमाग ओल वर सरके, आणि चारी आटली की ती हळूहळू उतरे, पावसाशी तिचा यत्किंचित संबंध नव्हता. हा पुरावा ठेकेदारापुढे ठेवला, तेव्हा त्याने तो नीट वाचला आणि कागद परत करीत म्हणाला, "मग ह्ये पाटबंधाऱ्याला सांगा की."

वस्तुतः हे काही नवे ज्ञान नव्हे. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकातला. त्याच्या पाण्याने या खोऱ्यातील भूजल वर आले, काळ्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील याच खारवट जमिनींवर १९१० साली स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. शंभर वर्षांहून जुनी ही बाब आमच्या ठेकेदाराच्या कानावर गेली नसेल, हे मी मान्य करतो. परंतु माझा प्रश्न तर गेला होता.

म्हणून बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात ज्यांना तळघर करावयाचे असेल, त्यांनी खड्डा कालव्याचे आवर्तन चालू असताना पाहावा, आणि जवळच्या विहिरीची पातळी पाळीच्या आधी व नंतर मोजावी. जलरोधक थर भिंतीच्या बाहेरून द्यावा, कारण साचलेल्या पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो आणि आतून मारलेला लेप तो दाब सालीसारखा सोलून काढतो. भिंतीबाहेर काळी माती परत लोटू नये. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीला चिरा पाडते. तिच्या जागी खडी भरून तळाशी भोकांचा पाइप घालावा आणि त्याचे पाणी एका चरीत किंवा हौदात नेऊन पंपाने उपसावे. हे सारे आता मला दुसऱ्याकडून, चारही बाजू उकरून, दुप्पट पैशांत करून घ्यावे लागले. पेट्या मरीन प्लायवूडच्या कराव्यात आणि सारी यंत्रे जमिनीपासून वीतभर उंच चौथऱ्यावर ठेवावीत.

दुसरा गृहस्थ पुण्याचा विक्रेता. चांगल्या पेहरावातला, मृदुभाषी, आणि म्हणूनच अधिक तापदायक. जुना दिव्याचा प्रोजेक्टर काढून मी फोर-केचा लेझर प्रोजेक्टर घेतला आणि त्याच्याच शिफारशीने पंधरा मीटर लांबीची तांब्याची एचडीएमआय केबल; तिच्यावरून साठ चौकटींचे चित्र पाठवले की मध्येच पडदा काळा होई आणि क्षणभराने पुन्हा उजळे. दूरध्वनी केला की उत्तर ठरलेले: "काका, तुमच्याकडे गावाकडची वीज, असं होणारच." अखेरीस मी चित्र देणारे यंत्रच प्रोजेक्टरखाली टेबलावर ठेवले, दोन मीटरची साधी केबल जोडली, आणि त्याच गावाकडच्या विजेवर अखंड चित्रपट पाहिला. या चित्राला सेकंदाला अठरा अब्ज बिटांपर्यंतचा प्रवाह लागतो आणि तो तांब्यातून इतका लांब धड जात नाही. तेथे प्रकाशतंतूची केबल हवी, तीही दिशा पाहून जोडावी लागते. हे कळवल्यावर त्याने प्रकाशतंतूच्या केबलचे दरपत्रक पाठवले. खेदाचा एक शब्द त्यात नव्हता. वर भिंतीत ठेकेदाराने पुरलेल्या पाऊण इंची नळीतून केबलचे टोकच जाईना, म्हणून नवा रंग दिलेली भिंत फोडावी लागली. नळी दोन इंची घाला आणि आत एक दोरी ओढून ठेवा.

बाकीचे थोडक्यात. शंभर इंची पडदा सुमारे दोन मीटर एकवीस सेंटिमीटर रुंद असतो आणि तीन मीटरवर बसले की दृष्टीचा सुमारे चाळीस अंशांचा कोन भरतो. यापेक्षा मोठ्या पडद्याचा मोह धरू नये. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावणाऱ्यांचे ऐकू नये. आपण आसनावर बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवावा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल त्या जागी कापडात गुंडाळलेली ग्लासवूलची पाटी लावावी, पण भिंतीपासून बोटभर अंतर सोडून, म्हणजे ओल दडून राहणार नाही. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर यूपीएस अवश्य घ्यावा, कारण वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. सर्व यंत्रांचे अर्थिंग एकाच जागी आणावे, अन्यथा स्पीकरमधून अष्टौप्रहर घुरघुर ऐकावी लागेल. आणि धीर धरावा, असे सारेच सांगतात, म्हणून मीही सांगतो.

पावत्यांविषयी मात्र सविस्तर. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. ठेकेदार रोखीचा आग्रह धरील, चिठोऱ्यावर आकडे लिहून देईल. रक्कम बँकेतूनच द्यावी आणि प्रत्येक हप्त्याला कामाचे वर्णन लिहून घ्यावे. माझ्याकडे बँकेचे उतारे, भिंतीवरील रेघांची तारखेसह छायाचित्रे आणि पाळीच्या तारखांची यादी आहे. पोचपावतीसह नोटीस धाडली आहे. पावतीवर त्याची सही आली, उत्तर अद्याप आलेले नाही.