भाडेकरूने करार मोडला, तर मालकाने काय करावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांजवळ धंद्याखेरीज एखादा गाळा, लूमचा शेड किंवा चाळीतली खोली भाड्याने दिलेली असते. भाडे थकले, परस्पर तिसऱ्यालाच आत बसवले, भिंत पाडून पक्का माळा चढवला, अशा तक्रारी बाजारात नेहमी ऐकू येतात. मालकाची बाजू बहुतेक वेळा खरी असते. पण राग अनावर होऊन तो रातोरात कुलूप ठोकतो किंवा वीज तोडतो, आणि जिंकलेला दावा हातचा घालवतो.

महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. जुना 1947 चा मुंबई भाडे कायदा त्यामुळे संपला. ताबा कोणत्या कारणासाठी मागता येतो, हे या कायद्याच्या कलम 15 व 16 मध्ये दिले आहे. करारात काहीही लिहिले असले तरी या कारणांत बसल्याखेरीज कोर्ट ताबा देत नाही.

पहिले कारण थकलेले भाडे. समजा, भिवंडीत एक शेड दरमहा 10,000 रुपयांनी दिला आहे आणि सात महिन्यांचे 70,000 रुपये थकले आहेत. मालकाने प्रथम लेखी नोटीस द्यावी. ती पोचल्यापासून 90 दिवस थांबावे लागते. त्या मुदतीत रक्कम भरली, तर त्या थकबाकीवर दावा होत नाही. न भरल्यास दावा लावता येतो. तरीही कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी दरसाल 15 टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली व पुढे नियमित भरत राहिला, तर त्याचा ताबा टिकतो. म्हणून केवळ थकबाकीवर विसंबून गाळा मोकळा होईल, असे गृहीत धरू नये. तसेच भाडेकरू भाडे घेऊन आला असता ते नाकारू नये. नाकारणाऱ्या मालकाला थकबाकीची ओरड करता येत नाही. भाडे घ्यावे आणि पावती द्यावी. पावती देणे कायद्याने बंधनकारकच आहे.

दुसरे कारण पोटभाडेकरू. येथे वाद होतो तो भागीदारीच्या आडोशाचा. भाडेकरू स्वतः धंद्यात बसतो आणि भागीदार घेतो, तर ते पोटभाडे नव्हे. पण तो निघून गेला, चावी व गल्ला दुसऱ्याच्या हाती, आणि भागीदारीचा कागद नावापुरता असेल, तर कोर्ट खरा ताबा कोणाकडे आहे ते पाहते. वीजबिल, दुकानाचा परवाना, पाटीवरचे नाव, माल कोणाच्या नावाने उतरतो, हा पुरावा वेळीच जमवावा. त्या नव्या माणसाकडून त्याच्या नावाने भाडे घेऊन पावती मात्र फाडू नये.

तिसरे कारण मालकाच्या लेखी परवानगीशिवाय केलेले पक्के बांधकाम. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर यांसारखी कामे कायदा पक्के बांधकाम मानत नाही. जागेची नासधूस आणि शेजाऱ्यांना उपद्रव हीसुद्धा कारणे आहेत. चौथे कारण म्हणजे, दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय जागा ठरलेल्या कामासाठी न वापरणे. मंदीमुळे लूम बंद होते, असे भाडेकरू म्हणेल. ते योग्य कारण की नाही, हे पुराव्यावर ठरते.

थकबाकी सोडून इतर कारणांसाठी भाडेपट्टा संपवण्याची वेगळी नोटीस कायद्याने आवश्यक नाही, असा फैसला सुप्रीम कोर्टाने 1979 साली दिला आहे. तरीही वकिलामार्फत नोटीस देणे शहाणपणाचे. कधी कधी तेवढ्यावरच मामला मिटतो.

आता कुलपाविषयी. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ताबा काढून घेतला, तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली दावा करू शकतो. तेथे जागेचा मालक कोण, हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही. जबरदस्तीने काढले एवढे सिद्ध झाले की ताबा परत द्यावा लागतो. पाणी किंवा वीज तोडल्यास भाडे कायद्याच्या कलम 29 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आत दुसऱ्याचे लूम आणि माल अडकला असेल, तर नुकसानीचा दावा निराळाच. आणि त्या लूमवर ज्या कारागिरांची रोजी चालते, त्यांचा तर यात काहीच दोष नसतो.

लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेबद्दल एक गैरसमज आहे. मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर ताबा मिळण्याची कलम 24 ची सोय फक्त राहत्या जागेसाठी आहे. गाळा, गोदाम किंवा शेड यांना ती लागू नाही.

शेवटी मुळाची गोष्ट. कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा बोजा मालकावर पडतो. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओळखीचा माणूस आहे, गावचा आहे, म्हणून तोंडी जागा देणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. नोंदणीचा खर्च एका दिवसाचा. तो वाचवला तर कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षे मोजाव्या लागतात.