पैशाआधी कागद

नोव्हेंबर २०२२. सोयाबीन विकून झालं होतं आणि आलेला पैसा कृषी केंद्राच्या उधारीत जिरला होता. अशात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, छातीत कळ आली. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. तीन नसा बंद. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभरात बायपास करा." खर्च ३ लाख ४० हजार.

आठवडा हातात होता, हे मला ऐकूच आलं नाही. रात्रीच गावी, देवगाव फाट्याला परतलो. अक्कानं दागिने मोडून ८० हजार दिले, गावानं ६० हजारांची वर्गणी केली. उरलेले दोन लाख सावकाराकडून शेकडा तीननं उचलले. महिन्याला ६ हजार, वर्षाला ७२ हजार नुसतं व्याज. वर तारण म्हणून त्यानं एका एकराचं खरेदीखत करून घेतलं. "फेडलंस की उलटून देतो," एवढा तोंडी शब्द.

ऑपरेशन झालं, अण्णा वाचले. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या काकूंची तशीच बायपास झाली, एक रुपया न देता. आमच्यासारख्याच केशरी शिधापत्रिकेवर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. ते रुग्णालय मी पैसे भरले तिथून हाकेच्या अंतरावर होतं. माझं रुग्णालय योजनेत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. झालेल्या खर्चाचे पैसे योजनेतून मागाहून मिळत नाहीत.

म्हणून सांगतो, "पैसे कोण देईल" हा दुसरा प्रश्न. "पैसे लागतात का" हा पहिला.

रुग्णाला तातडीनं हलवायचं असेल तर आधी हलवा. पण ऑपरेशनची तारीख पुढची असेल, तर पैसे भरण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ वरही माहिती मिळते. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पांढरं कार्ड आहे म्हणून आमच्या परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं आशा सोडू नये, सातबारा घेऊन विचारावं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे.

ऑपरेशन योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय पाहा. तिथं निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बलांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला न्या आणि समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. तेही जमलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. अर्ज उपचाराआधी करा, नंतर नव्हे.

यातलं निम्मं काम घरी बसून, कोणी आजारी नसताना होतं. आधारवर 'ज्ञानोबा' आणि शिधापत्रिकेवर 'ज्ञानदेव' असा घोळ असेल तर आजच दुरुस्त करा. दवाखान्याच्या खिडकीवर तो सुटत नाही.

वर्गणी करावी लागलीच तर वही ठेवा. मी ठेवली नाही. औषधांच्या उरलेल्या पैशावरून चार माणसं मागं बोलली, आणि त्यांचं तोंड धरायला माझ्याकडे कागद नव्हता.

आणि कर्ज काढावंच लागलं तर काढा, पण जमीन लिहून देऊ नका. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि बिनतारणी १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. माझं व्याज ३६ टक्के पडत होतं. सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. मी केलीय, तारखा चालू आहेत.

अण्णांना यातलं काही सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी ते बांधापर्यंत चालून येतात आणि विचारतात, "अरे, पलीकडच्या पट्टीत यंदा दुसऱ्याचीच पाळी कशी चाललीय?" मी म्हणतो, "बटईनं दिलीय, अण्णा."