गड चढण्यात पहिला, नेटवर कितवा?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या व्हॉलीबॉल संघासाठी धडपडतोय. जूनमध्ये शाळा सुरू झाली की सर मुलांना बुधवार पेठेतून वर गडाच्या नाक्यापर्यंत पळायला लावतात आणि पहिले दहा-बारा जण संघात घेतात. आमचा मुलगा पळण्यात मागे पडतो, पण उडी त्याची सगळ्यांत उंच, हे त्याचे मित्रही मान्य करतात. व्हॉलीबॉलसाठी ही परीक्षा बरोबर आहे का? आणि आम्ही एवढ्या उंचावर राहतो, त्याचा मुलांच्या दमाला काही फायदा होतो का?
– एक पालक, पन्हाळा

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी हातावेगळा करू. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे. बंगळूरही साधारण तेवढंच उंच. एवढ्या उंचीवर हवा फारशी विरळ होत नाही. विरळ हवेचा परिणाम जाणवायला लागतो दीड-दोन हजार मीटरच्या पुढे, म्हणून तर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं उंचावरचं सराव केंद्र हिमाचलात शिलारूला, ८,००० फुटांच्या आसपास आहे. गडावरच्या पोरांचा दम चांगला असतो हे खरं, पण त्याचं श्रेय हवेला देऊ नका. ते रोजच्या चढउताराला द्या.

आता सरांची परीक्षा. चढावर पळण्याने हृदय, फुप्फुसं आणि मांड्या कसाला लागतात, यात वाद नाही. मोसमाआधी तयारी म्हणून ते जरूर करावं. पण संघ त्यावरून निवडणं मला पटत नाही. व्हॉलीबॉलमधल्या बहुतेक रॅली दहा सेकंदांच्या आत संपतात. मग चेंडू आणायचा, सर्व्हिस करायची, तेवढ्यात श्वास परत मिळतो. गुण ठरतो तो दोन पावलं झपकन सरकण्यात आणि त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात, हवेत. वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चढत राहणारा मुलगा चांगला ट्रेकर होईल, कदाचित क्रॉसकंट्रीत जिल्ह्याला जाईल. नेटवर त्याचा हात कुठवर पोचतो, हे त्या पळण्यातून कळत नाही.

ते कळायला एक भिंत आणि खडूची पूड पुरते. हार्वर्ड विद्यापीठाची व्यायामशाळा वर्षानुवर्षं सांभाळलेले डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये ही चाचणी मांडली आणि आजही जगभर ती वापरतात. बोटांना खडू लावायचा, भिंतीला कूस लावून उभं राहायचं, टाचा जमिनीवर ठेवून हात वर ताणायचा आणि खूण करायची. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. इथे पोरं एक हमखास चलाखी करतात. पहिली खूण करताना खांदा पूर्ण ताणत नाहीत, हात जरासा दुमडून ठेवतात, म्हणजे उडी आपोआप पाच-सात सेंटिमीटरनं वाढते! सरांनी जवळ उभं राहून काखेपासून हात ताणून घेतला पाहिजे.

समजा तुमच्या मुलाचा उभ्याने हात २.२० मीटरला लागतो आणि तो ६० सेंटिमीटर उडतो. म्हणजे बोटं २.८० मीटरला पोचली. पुरुषांच्या नेटची उंची २.४३ मीटर, महिलांच्या नेटची २.२४. पुरुषांच्या नेटवर त्याचा ३७ सेंटिमीटर हात राहिला. प्रशिक्षकाला हवा असलेला आकडा तो हाच. नुसती उडी सांगून भागत नाही, कारण बुटका मुलगा जास्त उडूनही उंच मुलाच्या खालीच राहू शकतो.

पण एका उडीवर थांबू नये. तीन प्रकारे मोजावं: जागेवरून एका हाताने, ब्लॉकसारखी दोन्ही हातांनी, आणि स्मॅशसारखी तीन पावलं धावत येऊन. प्रत्येकी तीन संधी, मधे मिनिटभर विश्रांती, सर्वांत चांगली उडी वहीत. खरी माहिती या तिन्हींमधल्या फरकात दडलेली असते. धावत येऊनही उडी जागेवरच्या उडीपेक्षा फारशी वाढत नसेल, तर पायात ताकद आहे पण पावलं चुकतायत. शेवटचं पाऊल लांब पडत असेल, हात मागून झोकात येत नसतील. हे महिन्याभरात सुधारतं. जागेवरची उडीच कमी असेल तर मात्र बैठका आणि ताकदीच्या कामाला पर्याय नाही. बैठका कशा मारायच्या हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागू नये.

मोबाइलवर स्लो मोशन असेल तर भिंतीशिवायही काम होतं. पाय जमीन सोडतात ते परत टेकतात, तेवढा वेळ मोजा. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात १४४ चित्रं भरली तर तो वेळ ०.६ सेकंद आणि उडी सुमारे ४४ सेंटिमीटर. हवेत गुडघे पोटाशी घेतले की हा हिशेब फसतो, पाय सरळ ठेवूनच उतरायचं. ही उडी भिंतीवरच्या उडीशी ताडून बघू नका, दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी आहे.

त्याच चित्रफितीत मी उडीपेक्षा उतरणं जास्त बारकाईनं बघेन. समोरून चित्रण करा. टेकताना गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का? एकाच पायावर भार येतो का? धपकन आवाज येतो का? मधल्या फळीतला खेळाडू लांबलेल्या सामन्यात शंभराच्या आसपास उड्या मारतो, आणि तेवढ्याच वेळा उतरतो. आत झुकणारे गुडघे हा मुलींच्या बाबतीत विशेष काळजीचा विषय आहे, कारण गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं. नववी-दहावीच्या मुलांचं आणखी एक दुखणं: वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन ठणका लागतो. हाडं झपाट्यानं वाढत असताना उड्यांचा मारा झाला की होतं. असा मुलगा चाचणीत कमी उडला म्हणून त्याला जास्त उड्या मारायला लावणं म्हणजे आगीत तेल. त्याला डॉक्टरांकडे न्यावं आणि उड्या कमी कराव्यात.

चपळाईसाठी टी चाचणी घ्या. तिला अर्धं मैदानच पुरतं. मागच्या रेषेच्या मध्यापासून नेटपर्यंत ९ मीटर सरळ धाव, तिथून आडव्या पावलांनी साडेचार मीटर डावीकडे, मग ९ मीटर उजवीकडे, परत साडेचार मीटर मध्यावर, आणि उलट पावली मागे. पण जून-जुलैत पन्हाळ्यावर मैदान म्हणजे चिखल, आणि शाळेच्या ओसरीतली शहाबादी फरशी धुक्यानंच ओली होते. निसरड्यावर घेतलेली वेळ कामाची नाही, वर घोटा मुरगळायचा तो वेगळाच. कोरडा हॉल मिळेल त्या दिवशीच घ्या.

मग दम बघायचाच नाही? बघायचा, पण शेवटी आणि बेताने. लुक लेजे यांनी १९८२ मध्ये मांडलेली बीप चाचणी त्यासाठी बरी: २० मीटर अंतरात ये-जा, वेग ताशी साडेआठ किलोमीटरपासून सुरू, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. तिच्यात निदान थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं आहे. त्याआधी प्रत्येक मुलाला विचारावं की पळताना कधी छातीत दुखलंय का, चक्कर आलीय का, दमा आहे का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर. आणि वजन घ्यायचं तर एकेकाचं बाजूला, सगळ्यांसमोर आकडा पुकारून नव्हे.

आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं निवडतानाही एका धावेवर भिस्त ठेवत नाहीत. उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, ६ बाय १० मीटर शटल रन, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक आणि वाकून पुढे हात पोचवणं, अशा नऊ गोष्टी बघतात. दमाची धाव त्यात एकच.

माझ्या मते या चाचण्यांचा मोठा उपयोग निवडीपेक्षा तुलनेसाठी आहे, तीही मुलाची त्याच्याच मागच्या आकड्याशी. जूनमध्ये एकदा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा. तीच भिंत, तेच बूट, तीच वेळ. एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरक मोजण्यातच पडतो, त्यावर पेढे वाटू नका. संघात कोण, हे शेवटी खेळ बघूनच ठरवावं. चांगला लिफ्टर भिंतीवर सामान्य उडेल, पण चेंडू नेमका कुणाला द्यायचा हे त्याला कळत असेल तर तो संघात हवाच.

तुम्ही सरांशी भांडायला जाऊ नका. पळणं बंद करा असंही सांगू नका. एवढंच सुचवा की चढाच्या आदल्या दिवशी उड्या मोजून घ्या, दुसऱ्या दिवशी नव्हे. गड उतरताना मांड्यांवर जो ताण येतो त्यानं पाय दोन-तीन दिवस भरून येतात आणि उडी कमी भरते. जुलैत मुलं पावनखिंडीच्या पायी मोहिमेला जाणार असतील तर चाचणी त्याआधीच उरकावी. खडू शाळेत असतोच. मोजपट्टी आणि वही तुम्ही घेऊन जा.