क्वाथनिर्मितीसाठी पात्र व पोटलीची निवड

अरिष्टाची प्रत संधानपात्रात बिघडली असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा ती त्याआधीच, क्वाथाच्या भांड्यात बिघडलेली असते. क्वाथ सौम्य उतरला, करपला किंवा त्यात बारीक चोथा राहिला, तर पुढे गूळ व धायटी कितीही उत्तम असली तरी तो दोष भरून निघत नाही. लहान फार्मसीत गाळण्याचे श्रम वाचावेत म्हणून भरड पोटलीत बांधून उकळण्याची पद्धत सोयीची आहे. मात्र तिचे यश पात्र व पोटली यांच्या परस्पर मापावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पोटली द्रवात लोंबती ठेवण्याची कल्पना दोलायंत्राच्या रूपाने आपल्याकडे प्राचीन आहे. २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील घरगुती बीअर करणाऱ्यांनीही जवाचे माल्ट जाळीच्या पिशवीत भिजवण्याची रीत रूढ केली. परंतु त्यांची पिशवी सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर राहते आणि उकळी येण्यापूर्वी बाहेर निघते. आपली पोटली पाणी आटेपर्यंत उकळीत राहते. म्हणून आपली कसोटी अधिक कठीण आहे.

पात्राचे माप : मध्यम द्रव्यांस आठपट पाणी व चतुर्थांश शेष हे प्रमाण धरू. २ किलो यवकूट द्रव्यास १६ लिटर पाणी लागेल व ४ लिटर क्वाथ उरेल. द्रव्यासह भरणा सुमारे १८ लिटर होतो. उकळी व फेस यांसाठी वरचा एक तृतीयांश भाग मोकळा हवा. म्हणजे पात्र २७ लिटरचे घ्यावे. ३२ सेंटिमीटर व्यास व ३४ सेंटिमीटर उंचीच्या सरळ भिंतीच्या पात्रात एवढी जागा मिळते. याहून उंच व अरुंद पात्रात पाणी सावकाश आटते आणि द्रव्य एकावर एक दाटते.

पात्राचा धातू : हरीतकी, अर्जुन, खदिर यांसारखी कषाय द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून क्वाथ काळा करतात. आम्ल द्रव्यांसाठी ॲल्युमिनियम व कल्हई नसलेले तांबे-पितळ वर्ज्य समजावे. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील नित्य वापरास योग्य होय. बूड जाड असावे. पातळ बुडाला एकाच जागी आच लागून क्वाथ करपतो. तळाशी दोन सेंटिमीटर उंचीची सच्छिद्र स्टीलची बैठक ठेवावी, म्हणजे पोटली बुडास चिकटणार नाही.

पोटलीचे माप : येथेच बहुधा चूक होते. द्रव्य घट्ट बांधले की भिजून फुगते, बाहेरचा थर दाबला जातो आणि गाभ्यापर्यंत पाणी फिरत नाही. म्हणून पोटली गाठोड्यासारखी न बांधता पात्राला आतून अस्तर लावावे तशी पसरावी. वरील पात्राचा घेर सुमारे १०० सेंटिमीटर आहे. त्यासाठी सपाट अवस्थेत ५५ सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर लांब पिशवी शिवून घ्यावी. शिवण दुहेरी असावी. उचलण्याचे पट्टे तळाखालून घेतलेले असावेत, कारण भिजलेल्या चोथ्याचे वजन कोरड्या द्रव्याच्या दुपटीहून अधिक होऊ शकते. ती हाताने न उचलता वर टांगलेल्या आकड्याने उचलावी.

पोटलीचे कापड : नव्या सुती कापडाची खळ दोनदा उकळून काढावी. सुती कापड रंग व वास धरून ठेवते आणि ओले राहिल्यास त्यास बुरशी येते. म्हणून ते एकाच कल्पासाठी राखून उन्हात वाळवावे. अन्नप्रतीची पॉलिएस्टर जाळी लवकर स्वच्छ होते. परंतु ती धुण्याच्या सोड्यात उकळू नये. जाळीचे छिद्र सुमारे पाव मिलिमीटर असावे. याहून बारीक जाळी गुडूचीच्या सत्त्वाने व शतावरीच्या बुळबुळीत अंशाने तुंबते. द्रव्यातील धूळ आधी चाळून काढावी. अंतिम गाळणी स्वतंत्र वस्त्रातूनच करावी. पिशवीची कड पात्राबाहेर ज्योतीजवळ लोंबू देऊ नये. आच बुडापुरतीच ठेवावी, अन्यथा पाणी उतरल्यावर तापलेल्या भिंतीशी जाळी वितळते.

शेषाचे मापन : आरंभी बैठक ठेवून पात्रात ४ लिटर पाणी ओतावे व लाकडी पट्टीवर खूण करावी. पोटली आत असताना पातळी फसवी दिसते. म्हणून ती उचलून, निथळू देऊन मगच मापन करावे. अधिक भरल्यास पोटली पुन्हा सोडून उकळावे.

शेवटी थंड चोथा उघडून मधला भाग पाहावा. तेथील तुकडे बाहेरच्यांहून कोरडे वा मूळ रंगाचे आढळल्यास पोटली लहान पडली, हे निश्चित समजावे. हे निरीक्षण प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत लिहावे, अशी आमची वैद्यबंधूंस व फार्मसीचालकांस विनंती आहे. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या प्रत्येक बाटलीत सारखेच वीर्य असावे, ही जबाबदारी अखेर आपलीच आहे.